आक्काच्या फोनची तपासणी

आमच्या शेजारच्या रंगनाथनानांच्या सदऱ्याच्या खिशात पेन नसतं, खडू असतो. पांढरा, बोटभर. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात त्यांनी सारी नोकरी माल तपासण्यात काढली. माल बरा असला की बरोबरची खूण, नसला की फुली. निवृत्तीच्या दिवशी कंपनीनं त्यांची मोजपट्टी जमा करून घेतली, खडू काढून घ्यायला विसरली. त्याची फळं गारखेड्यातली आमची अख्खी गल्ली भोगते आहे.

टरबुजावर फुली, उभ्या रिक्षाच्या टायरवर फुली. काकू गेल्यापासून नानांना खानावळीचा डबा येतो. त्याच्या झाकणावर रोज फुली मारूनच तो परत जातो. माझ्या पुतणीला बघायला आलेला मुलगा जाताना बूट घालायला वाकला, तर बुटावर ठसठशीत फुली. लग्न जमलं नाही. पुतणीनं मात्र नानांना गुपचूप पेढे नेऊन दिले.

असा माणूस मोबाइलचा प्लॅन निवडायला निघाला आणि सोबतीला त्यानं मला घेतलं, कारण माझ्याकडं स्कूटर आहे.

प्लॅन हवा होता शेंद्र्याच्या आक्कासाठी. आक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. गुडघे गेलेले, शेतातल्या घरात एकटी राहते. रिचार्ज संपून तिचा फोन पार मुका झाला होता. येणारा फोनही येईना. नानांनी जाहीर केलं की यंदा भाऊबीजेला ओवाळणीत साडी नाही, प्लॅन. मी म्हटलं, पाच मिनिटांचं काम आहे. हे वाक्य मला पुढं फार महागात पडलं.

दुकानदारानं हसतमुखानं सुरुवात केली, "चचा, ये लेलो. रोज दो जीबी. सब लोगां येइच लेते."

"दोन जीबी आक्का ठिवंल कुठं? कणगीत?" नानांनी विचारलं. "आन् सगळे घेतात म्हणून पास करायचं, तर कंपनीनं मला पगार कशाला दिला?"

मग मुदत निघाली. अठ्ठावीस दिवस. नानांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढायला लावलं आणि महिन्याचे दिवस दुकानदाराकडून मोजून घेतले. "मापात खोट. लॉट रिजेक्ट." त्यानं घाईघाईनं वर्षाचा प्लॅन पुढं केला. मी हुश्श केलं, तेवढ्यात नानांचं बोट कॅलेंडरच्या मागच्या पानावर गेलं. पुढच्या साली अधिक महिना होता. म्हणजे प्लॅन पुढच्या भाऊबीजेच्या आधीच संपणार. अधिक महिना म्हणजे काय, हे त्या बिचाऱ्याला समजावून सांगण्यात माझी दुपार गेली. शेवटी त्यानं हात जोडून विचारलं, कंपनीला कळवू का? नाना म्हणाले, कळव. मधल्या दिवसांचा रिचार्ज आपण वेगळा करू, अशी नोंद त्यांनी घरी येऊन कपाटाच्या दारावर खडूनं केली, तेव्हा कुठं तो प्लॅन निम्मा पास झाला.

उरलेला निम्मा म्हणजे रेंज. तिच्यासाठी मी तीनदा शेंद्र्याला स्कूटर हाकली. तीन कंपन्यांचे तीन फोन नानांनी गल्लीतून मागून आणले होते. मी उन्हात बांधावर उभा राहून एकेक फोन लावायचा आणि नाना घरात पावलापावलावर फरशीला खुणा करत फिरायचे. लिंबाखाली तिन्ही फोन खणखणीत. मी म्हटलं, झालं, इथं खुर्ची टाकू. फुली. दारापुढच्या ओट्यावर दोन चालले. तरी फुली.

आक्का दारात बसून हा तमाशा बघत होती. "रंगा, येडा झाला का रं? मला काय भाषण करायचंय?"

तिचं खरंच होतं. आक्काचं फोनवरचं बोलणं मी ऐकलेलं आहे: बरा हायस का, जेवलास का, ठिवते. मी वैतागून म्हणालो, "नाना, एवढ्याशा बोलण्याला वर्षभर अमर्याद बोलायचा प्लॅन कशाला? आणि ओट्यावर काय वाईट आहे?"

"सर," नाना म्हणाले, मी शाळेत शिकवतो म्हणून ते मला सरच म्हणतात, "तपासणी चालू असताना बोलायचं नाय."

तिसऱ्या खेपेला एकाच कंपनीचा फोन चुलीशेजारच्या भिंतीतल्या देवळीत वाजला. तेलाची बुधली हलवली की जास्तच स्पष्ट. नानांनी बुधली हलवली आणि देवळीत एवढी मोठी बरोबरची खूण काढली की आक्कानं कपाळावर हात मारला. भाऊबीजेला त्याच कंपनीचा वर्षाचा प्लॅन भरलेला फोन ओवाळणीच्या ताटात पडला. त्याच्या पाठीवरही खूण होतीच. मी स्कूटर धुतली आणि विषय संपला, असं धरून चाललो.

पंधरा दिवसांनी दिवेलागणीला पुतणीच्या साखरपुड्याचं आमंत्रण द्यायला नानांकडं गेलो. दार उघडंच होतं. नाना डबा उघडून जेवायला बसले होते. समोर पाण्याच्या तांब्याला टेकवून फोन उभा केलेला, स्पीकर सुरू. बोलत कुणीच नव्हतं. फोनमधून नुसता आवाज येत होता, थप थप थप. मग तव्यावर भाकरी पडल्याचा, मग फुंकणीचा, मग आक्का मांजरीला रागावल्याचा. पडद्यावर कॉलची वेळ चालली होती. एक्केचाळीस मिनिटं.

मी तोंड उघडणार, तर नानांनी ओठांवर बोट ठेवलं. मी गुपचूप उंबऱ्याशी बसलो. डब्याचं झाकण त्यांच्या गुडघ्याशी पडलं होतं. कोरं होतं. फुली नव्हती.

थापण्याचा आवाज थांबला.

"दुसरी टाकू का रं?" आक्कानं विचारलं.

"टाक," नाना म्हणाले, आणि त्यांनी डब्यातली गार पोळी ताटात वाढून घेतली.