उंच गाडीची दृष्ट

सेवानिवृत्त विज्ञान शिक्षक श्री. बद्रीनाथ मास्तर यांच्या गाडीचा पुढचा डावा कोपरा एका सकाळी बसलेला आढळला. उरलेली गाडी उभी होती.

गाडी साधीसुधी नव्हती. डोंगर चढणारी, नदी उतरणारी, स्प्रिंगांऐवजी हवेच्या पिशव्यांवर तोललेली. बटण दाबलं की वीतभर वर उठायची. छावणीतल्या एका साहेबानं वापरून वापरून सोडलेली ती मास्तरांनी घेतली तेव्हा तिचं पंधरावं वर्ष सरत आलं होतं. म्हणजे सरकारी तपासणीत पास झाली तर गाडी, नाही तर भंगार. जन्मभर पाचोडच्या शाळेत सायकलवर गेलेल्या माणसाचा जीव तिच्यात अडकला होता. आत बसलं की रस्त्यावरची सगळी माणसं त्यांना चौथीच्या वर्गातली वाटत.

आता बिघाडाची शास्त्रीय पार्श्वभूमी. गाडी दारात आली त्या दिवशी शेजारच्या गोजरबाई म्हणाल्या, "अगं बया, केवढी उंच गं!" एवढंच. आवडाबाईंनी, म्हणजे मास्तरीणबाईंनी, तासाभरात लिंबू, मिरच्या, बिबा आणि काळा दोरा हजर केला.

"पुढं बांधू नको," मास्तर घाईघाईनं म्हणाले. "अख्ख्या तालुक्यात अंधश्रद्धेवर भाषणं ठोकलीत मी. पोरं बघतील."

"मंग ऱ्हाऊ द्या. नाय बांधत."

मास्तरांनी विज्ञानाला स्मरून क्षणभर विचार केला. "तसं नाय म्हणलो मी. दिसंल असं नको, एवढंच."

आवडाबाईंनी डाव्या चाकामागं हात घातला. तिथं बोटाएवढी एक हलती दांडी लागली. जणू कंपनीनं लिंबासाठीच ठेवलेली. ती खाली ओढून त्यांनी लिंबू पक्कं आवळलं. ही दांडी म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचा डोळा. दांडी खाली गेली की कॉम्प्युटर समजतो, आपण उंच झालो. तो समजला, फारच उंच झालो, आणि विनयानं हवा सोडली. दांडी खालीच. आणखी सोडली.

मास्तर गाडी घेऊन छावणीतल्या मेकॅनिक गफ्फारभाईंकडं गेले. गफ्फारभाईंनी पिशवीला साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा आला नाही.

"थैली तो टकाटक है मास्तर. हवा जाती नै, गाडी खुद छोड री." मग त्यांनी बॅटरी मारून चाकामागं पाहिलं आणि त्यांचा आवाज उतरला. "ये निंबू किसने बांधा?"

"घरातून बांधलंय."

"फिर हम हात नै लगाते. जो निकाला, उसीच के सर पे आता. थैली बदल देतूं मैं."

पिशवी बदलली. नवी पिशवी जुनीइतकीच निष्ठेनं बसली.

"बघा!" आवडाबाई म्हणाल्या. "एका लिंबानं भागत नाय. नजर लई जबर हाय गोजरीची." आणि उजव्या चाकामागंही एक बांधलं. आता गाडीनं दोन्ही गुडघे टेकले.

मग मोठं सर्व्हिस सेंटर. तिथं थंडगार हवा, काचेचं टेबल आणि टाय लावलेला सार्थक. त्यानं गाडीला वायर जोडली, पडदा वाचला आणि गंभीरपणे म्हणाला, "सर, गाडी उंच आहे."

मास्तरांनी गाडीकडं पाहिलं. तिचा बंपर फरशीला टेकला होता. "अरे बाळा, ती बसलीय."

"ते आपल्याला दिसतंय सर. सिस्टीममध्ये पुढचे दोन्ही कोपरे प्रमाणापेक्षा उंच आहेत." तो किंचित लाजला. "मी पाचोडचाच, तुमच्याच वर्गातला. तुम्हीच शिकवलंत, डोळ्यांवर नाही, उपकरणावर विश्वास ठेवा."

मास्तरांनी चाकाकडं बोट दाखवलं. "अन् ते खाली लिंबू आहे, ते तू काढलंस तर?"

"कस्टमरच्या वैयक्तिक अॅक्सेसरीजना हात लावायचा नाही, अशी पॉलिसी आहे सर." मग हळूच, "शिवाय आज अमावास्या."

त्यांनी कॉम्प्युटर बदलला. नवा कॉम्प्युटरही आज्ञाधारक निघाला. घरी आवडाबाईंनी मागच्या दोन्ही चाकांचा बंदोबस्त केला. गाडी चारी बाजूंनी जमिनीला टेकली, आणि सार्थकनं लांबूनच पडद्यावर आकडे वाचून फोनवर अभिनंदन केलं: "सर, चारही कोपऱ्यांत फरक शून्य! म्हणजे दोष गेला."

दांडी आणि लिंबाचा संबंध मास्तरांना कळत नव्हता असं नाही. तरफ तर त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शिकवली होती. एकदा ते अंगणात सतरंजी टाकून आडवे झाले, दोऱ्यापर्यंत हातही नेला. मग विचार आला: आपण हे मानत नाही हे खरं, पण मानत नाही म्हणून लगेच सोडायचं, हाही एक हट्टच की. ते उठून सतरंजी झटकू लागले.

तपासणीचा दिवस आला. गाडी शहागंजातून पोट खरवडत, ठिणग्या उडवत मैदानात पोचली. शेजारी आवडाबाई, मांडीवर देवाचा अंगारा. तपासणीच्या साहेबांनी कारकुनाला गाडीची खालची बाजू बघण्याचा हुकूम केला. कारकून वाकला, गुडघ्यावर आला, शेवटी गाल जमिनीला लावला.

"साहेब, खाली काहीच दिसत नाही."

"काहीच म्हणजे? दोष दिसतो का?"

"दोष पण नाही दिसत."

"मग दोष आढळला नाही. अन् उंची?"

"उंची जास्त असली तर आक्षेप आहे साहेब. कमीला नाही."

गाडी पास झाली. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच डोळ्यांनी त्यांनी गाडी फाटकाकडं वळवली आणि सुरक्षेसाठी तिथं घातलेल्या गतिरोधकावर नेली. गाडीचं पोट वर टेकलं. चाकं उताण्या कासवाच्या पायांसारखी हवेत फिरू लागली. मागं रांग लागली. पास झालेली गाडी आता कुठं जाईना. क्रेनवाला म्हणाला, ओढली तर मधोमध तुटेल.

मास्तर उतरले. "आवडे, कापतो गं मी ते!"

"कापा की! मी कवा नाय म्हणलं?" आवडाबाईंनी पर्समधून कात्री काढली. "पर बांधणाऱ्या घरानं सोडू नये. परक्यानं कापावं लागतं. इचारा की कुणाला."

नेमके मागच्या गाडीतून तुम्ही उतरलात. सगळी हकिकत ऐकलीत, पोट धरून हसलात. "एवढंच? एक दोरा? कमाल आहे लोकांची!" मास्तरांनी आशेनं कात्री पुढं केली. तुम्ही ती घेतलीत, अगदी खरोखर घेतलीत, चाकाशी वाकलात, दोरा चिमटीत धरलात. मग जरा थांबलात. विचारलंत, "ही नजर नेमकी कोणाची म्हणालात?"

आणि कात्री अलगद बॉनेटवर ठेवलीत.

"माझा नाही हो असल्या गोष्टींवर विश्वास," गाडी रिव्हर्समध्ये टाकत तुम्ही म्हणालात, "पण बरोबर लेकरं आहेत."