वीर लखलखाटाच्या कपाळी अंगठा उठला त्याची हकीकत

श्री रेषादेवी प्रसन्न. श्री रंगेश्वर समर्थ. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर. संवत्सराचेच नाव क्रोधी, तेथे प्रजेने शांत राहावे तरी कैसे? कोणे एके राज्यी, ज्याचे नाव घेतल्यास तेथील दरबारी मंडळींस आपलीच कीर्ती गाइली ऐसे वाटेल म्हणोन घेत नाही, त्या राज्यी जो अधर्म जाहला आणि विश्वंभरपंत हळबे यांचे मस्तक जे फिरले, ते सर्व जैसे ऐकिले तैसे लिहिले आहे. पदरचे काही घातले असल्यास रागाच्या भरात घातले ऐसे जाणावे.

त्या राज्यी लीलावतीबाई शिरगोपीकर नामे एक चित्रकर्ती होती. तिणे वीर लखलखाट म्हणोन एक महाप्रतापी पुरुष कागदावर उत्पन्न केला. त्याचा थाट काय वर्णावा! निळी विजार, विजारीवर लाल चड्डी, पाठीशी लाल उपरणे, डोळ्यांवर काळी पट्टी, आणि दुष्ट दिसला की मूठ वळोन गगनमार्गे निघावे. आणि बाईंची खुबी ही की चित्रकथा आजची, परंतु रूप तिचे आजोबांच्या काळचे. कागद पिवळट, रंग बारीक ठिपक्यांचा, उपरण्याचा लाल रेषेबाहेर किंचित सांडलेला, ठोसा बसला की 'धडाम' ही अक्षरे ठोशाहून मोठी, आणि मागील पानी खरजेच्या मलमाची लटकीच जाहिरात. जुन्या छापखान्याचे सारे दोष बाईंनी जाणोनबुजोन, जीव लावोन, हाताने उतरविले होते. दरबारचे ग्रंथाधिपती श्रीमंत भालचंद्रराव यांणी मुखपृष्ठ पाहोन नाक मुरडिले आणि बोलिले, "रंगसुद्धा धड रेषेत भरता येत नाही. पोरासोरांची चोपडी ही, ग्रंथालयात नको." आणि दारातूनच परत केली. आत उघडोन पाहिले म्हणावे, तर तेही नाही.

परंतु रयतेत जाणकार निघाले. कोणी गणिताचे मास्तर, कोणी औषधांच्या दुकानी बैसणारी, कोणी रिक्षा हाकणारा, ऐसे जमोन आपणांस लखलखी फौज म्हणवू लागले आणि रविवारी चहाच्या दुकानी बैसोन एकेक चौकट वाखाणू लागले. सांडलेला लाल कोठे उडी दाखवितो आणि कोठे जखम, यावर चहा निवोन जाई तरी वाद सरत नसे. त्या फौजेचे सरनोबत विश्वंभरपंत हळबे, पाणीखात्यातले कारकून. पंतांकडे पहिल्या भागाची प्रत होती. बाईंनी तो भाग पदरमोड करोन थोडकाच छापिला होता, आणि पुढे नदीचे पाणी घरात शिरोन मूळ चित्रे गेली, बाईंची स्वतःची प्रतही गेली, आणि फौजेतील लोकांच्या प्रती वाचोन वाचोन चिंध्या जाहल्या. कोरी करकरीत राहिली ती एकट्या पंतांची. कारण पंत ती प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत पाठीशी पुठ्ठा देऊन ठेवीत, आणि हात धुवोन, पुसोन, वाळवोन, मग पिशवीवरूनच तिचे दर्शन घेत. कुटुंब रोहिणीबाई म्हणत, "देवाला नाही एवढं सोवळं त्या चड्डीवाल्याला." पंत म्हणत, "देव पुन्हा घडवता येतो. हा येत नाही."

मग ऐसे जाहले की दूर देशीच्या चित्रकारांच्या थोर सभेने लखलखाटास सुवर्णलेखणी बहाल केली, आणि वार्ता येताच फौजेने पेढे वाटिले, आणि पंत कचेरीत टेबलावर चढोन मूठ वळोन उभे राहिले, तेव्हा साहेबांनी रजेचा अर्ज आपण होऊन पुढे केला. बाईंनी मसलत केली की आता पहिला भाग पुन्हा छापावा, पंतांच्या प्रतीवरून हुबेहूब, म्हणजे नव्या वाचकांस कथेचा आरंभ मिळेल. पंत आनंदाने कबूल जाहले. आणि दरबारची तऱ्हा पाहा! असतील शिते तर जमतील भुते. ज्यांणी दारातून परत केले तेच "आमची लीलावती, आमची लीलावती" करू लागले, आणि सत्कार योजिला, आणि पहिला भाग मंचावर पाहिजेच म्हणोन ग्रंथालय धुंडिले, तो तेथे लखलखाटाचे नखही नाही. असावे कोठून? मग सत्काराचे कार्यवाह नीळकंठराव गोडबोलेपणा करीत पंतांचे दारी आले. "पंत, काचेच्या पेटीत ठेवू, कुलूप लावू, कुणी बोट लावणार नाही. माझा शब्द!"

पंत म्हणाले, "शब्द राहू द्या, पेटी दाखवा." पेटी खरोखर होती. काच होती, कुलूप होते. तेव्हा पंतांनी प्रत दिली, आणि जिना उतरून जाणाऱ्या नीळकंठरावांस खिडकीतून हाक मारोन सांगितले, "आडवी धरा हो, आडवी!"

सत्काराचे दिवशी सभागृह तुडुंब भरले. पुढे मखमली सोफे, ते मान्यवरांस. फौज लाल उपरणी लेवोन आली, तिच्या वाट्यास खांबाआडच्या शेवटच्या रांगा. ज्यांच्या जिवावर सण, त्यांसच उंबरठ्याशी पान! पंतांची प्रत मंचावर, परंतु पंतांचे नाव कोणी घेतले नाही. भालचंद्ररावांनी भाषण केले आणि म्हणाले, "बालगोपाळांचा लाडका वीर चकचकाट..." मागून फौज ओरडली, "लखलखाट! लखलखाट!" श्रीमंतांस वाटले जयजयकारच चालला आहे, त्यांणी हात उंचावोन स्वीकार केला आणि पुढे आणखी दोनदा चकचकाटच म्हणाले.

मग निवेदन करणारी बाई गोड आवाजे बोलिली, "आता मान्यवरांच्या शुभहस्ते ग्रंथपूजन." त्या राज्याचा रिवाजच ऐसा की मंचावर ग्रंथ दिसला की त्याची पूजा करावयाची. पंत खांबाआडून पाहतात तो नीळकंठरावांनी पेटीचे कुलूप काढिले. पंत उठले. पिशवीवर कुंकू ठरेना म्हणोन पिशवी काढिली. पंत धावले. प्रत पाटावर ठेविली, हळद वाहिली, अक्षता वाहिल्या, ओली झेंडूची फुले वाहिली, तुळशीच्या पानाने पाणी शिंपडिले, आणि श्रीमंतांनी अंगठा ओल्या कुंकवात बुडवोन वीर लखलखाटाच्या कपाळी, ऐन काळ्या पट्टीस लागोन, दाबोन टेकविला. सोफे टाळ्या वाजवू लागले. शिव शिव! यवनांनी तोडिले, चोरांनी नेले, वाळवीने खाल्ले, ते सर्व एक वेळ सोसावे. पण टाळ्यांच्या गजरात ग्रंथ नासावा आणि नासणाऱ्याच्या तोंडावर पुण्य केल्याचा आव असावा, हे कोणत्या शास्त्रात आहे?

पायरीशी दारवानाने पंतांस अडविले. "पास आहे का?"

"पास कसला? तो पाटावर मेलाय तो माझा आहे!" ऐसे म्हणोन पंत त्याच्या काखेखालून मंचावर गेले आणि प्रत उचलिली. कुंकू ओघळोन लाल चड्डीपर्यंत आले होते. पंतांच्या डोळ्यांस पाणी आले, आणि कंठ जो फुटला तो ध्वनिक्षेपकावाचोन शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "कुणाला विचारून हात लावलात? यावरून पुस्तक छापायचं होतं! जगात एकच प्रत धड होती, एकच!"

भालचंद्रराव हसोन बोलिले, "अहो, शांत व्हा. पूजा केलीय, अपमान नाही केला."

"वाचलंत का तुम्ही हे?"

"ग्रंथ पूजनीय असतो. प्रत्येक वाचलाच पाहिजे असं कुठं आहे?"

"म्हणूनच पूजा करता!" पंत गर्जले. "कुंकू लावलं की वाचायची कटकट मिटली. चार वर्षांपूर्वी दारातून हाकललंत, तेव्हाही उघडलं नव्हतंत. आज पाटावर बसवलंत, आजही उघडलं नाहीत. मग फरक काय पडला?" मागे फौज उभी राहिली आणि उपरणी हलवू लागली, आणि नीळकंठराव "नारळ द्या, यांना नारळ द्या" म्हणोन धावू लागले.

तेव्हा लीलावतीबाई खुर्चीवरून उठल्या आणि नुकत्याच मिळालेल्या शालीने मुखपृष्ठ पुसो गेल्या, तो हळद आणखीच पसरली. बाई थांबल्या आणि हळूच बोलिल्या, "पंत, आतली पानं ओली झालीत का बघा. उघडा."

पंतांचा हात उघडण्यास धजेना. बाईंनी ते पाहिले. "तुम्ही तरी शेवटचं कधी उघडलं होतंत?"

चार वर्षे पंतांनी पिशवीवरून दर्शनच घेतले होते, वाचावयाचे ते दुसऱ्याच्या फाटक्या प्रतीत वाचिले होते. श्रीमंतांवरचा राग तैसाच राहिला, परंतु त्यातला थोडका वाटा आपल्याकडेही येतो हे पंतांस उमगले, आणि ते उमगणे फार झोंबले. मग पंत मंचाच्या पायरीवरच बैसले, पाने एकेक करोन सोडविली आणि वाळावी म्हणोन धरोन ठेविली, आणि आतली पाने धड आहेत ऐसे पाहोन मोठ्याने वाचू लागले. फौज सोफ्यांच्या मधून पुढे आली आणि सभोवार भुईवर बैसली. 'धडाम' आले की सारे मिळोन 'धडाम' म्हणत. वरती श्रीमंतांचे आभारप्रदर्शन चालिले होते, ते कोणी ऐकिले नाही. लीलावतीबाई शाल खुर्चीवर टाकोन खाली फौजेत येवोन बैसल्या.

पुढे छपाईची वेळ आली, तेव्हा बाई म्हणाल्या, "मुखपृष्ठ नव्याने काढून देते. डाग राहणार नाही."

पंत म्हणाले, "खबरदार! डाग तसाच छापा. कुणी काय केलं ते दिसू दे." पाणीखात्यातला कारकून हुकूम सोडतो आणि सुवर्णलेखणीची धनीण ऐकते, ऐसा तो प्रसंग. मुखपृष्ठी अंगठा जैसा उठला तैसा छापिला, आणि आत पहिल्याच पानी बाईंनी आपल्या हाताने अक्षरे काढिली, ती ऐसी: 'वरचा अंगठा ग्रंथाधिपतींचा आहे. त्यांनी हे पुस्तक वाचलेले नाही. आपण वाचावे.'

पुस्तक हातोहात खपले. राज्यभर लोक पहिले पान उघडीत आणि चहा सांडेतो हसत. आणि भालचंद्ररावांस कळले की आपला अंगठा मुखपृष्ठी विराजमान जाहला आहे, तेव्हा त्यांची छाती फुगली, आणि त्यांणी गठ्ठेच्या गठ्ठे मागविले, आणि जो कोणी थोर पाहुणा दरबारी येईल त्यास नारळासह एक प्रत स्वहस्ते देण्याचा परिपाठ पाडिला. पाहुणे प्रत मस्तकी लावितात आणि घरी नेवोन काचेच्या कपाटात ठेवितात. या गोष्टीस वर्ष होत आले. अद्याप एकाही पाहुण्याची, अथवा खुद्द श्रीमंतांची, त्या पहिल्या पानाविषयी तक्रार आली नाही.

येणेप्रमाणे हकीकत आहे. लखलखाट जिंकला, फौज वाढली, पंत आता जेवता जेवता वाचतात. राग मात्र पंतांचा उतरला नाही. तो उतरावा ऐसे कारण त्या राज्यी अद्याप घडलेले नाही.