पाइपाचे सूर

प्रज्ञेश गायकवाडला विकलक समीकरणांच्या वर्णपटावर डॉक्टरेट मिळाली आणि विश्रांतवाडीतल्या त्याच्या सोसायटीने लगोलग त्याच्या हवाली पाण्याचा पाइप केला. पंप सुरू झाला की गच्चीपर्यंत गेलेला हा पाइप असा घुमायचा, की सगळ्या इमारतीला सकाळचा चहा हलत्या कपातून प्यावा लागे.

"तुमचं संशोधन कंपनांवरचंच ना?" अध्यक्ष तात्यारावांनी विचारलं. "मग बघा जरा. प्लंबर बोलावूनही येत नाही; तुम्ही न बोलावता घरी असता."

प्रज्ञेशने आजवर पाइप कागदावरच पाहिला होता आणि तिथे त्याला जाडीसुद्धा नव्हती. पण शेजारी त्याची बायको पूर्वा उभी होती.

"सोपं आहे," तो म्हणाला. "टोकं आवळलेल्या पाइपाला आपले ठरावीकच सूर असतात. पंपाचा सूर त्यातल्या एकाशी जुळतोय. मध्ये एक क्लॅम्प मारा, सूर बदलतील."

क्लॅम्प मारला. सूर बदलले. बाकीची इमारत शांत झाली आणि दुसऱ्या मजल्यावर सुशीलाबाईंची भांडी मांडणीवर फुगडी घालू लागली.

"काकू, गणित बरोबर आहे," प्रज्ञेश ओशाळून म्हणाला. "मी भिंत पक्की धरली होती, एवढंच."

"बिल्डरनंसुद्धा धरली नव्हती हो!"

दुसरा क्लॅम्प मारल्यावर भांडी गप्प बसली, पण तात्यारावांची कवळी वाटीत टकटक करू लागली. मग मात्र सोसायटीची तातडीची सभा झाली. "प्रबंध तपासणाऱ्यांच्या घरी पंप होता का?" एवढाच खुलासा मागण्यात आला.

हे प्रज्ञेशच्या जिव्हारी लागलं. कॉलेजच्या उत्तरपत्रिका बाजूला सारून त्याने भिंतीचा पोकळपणा धरून सगळं गणित नव्याने मांडलं आणि क्लॅम्पची जागा खडूने स्वतः आखून दिली.

दुसऱ्या दिवशी पंप सुरू झाला. सुशीलाबाईंकडे शांतता. तात्यारावांकडे शांतता. जिन्यात टाळ्या वाजल्या. प्रज्ञेशचा ऊर भरून आला. तेवढ्यात चौथ्या मजल्यावरून पूर्वा दोन्ही कान झाकून धावत खाली आली.

"अहो, आपला पलंग चालायला लागलाय!"

"एकच क्लॅम्प वीतभर सरकवू," प्रज्ञेश घाईने म्हणाला. "लगेच थांबेल!"

"आता कोणी हात लावायचा नाही," तात्याराव म्हणाले. "आम्हाला नुसता त्रास व्हायचा, तुम्हाला निदान त्याचा अर्थ तरी कळतो. आहे तसंच राहू द्यावं. कोणाकोणाची संमती?"

जिन्यातले सगळे हात वर गेले. पूर्वाचे दोन्ही हात कानांवर होते. तात्यारावांनी तेही मोजले.