खर्जातली घंटा

अप्पांनी शेवटचा स्क्रू पिळला आणि टेलिफोनवरून हळुवार फडका फिरवला. जन्मभर लाइनमन म्हणून लोकांचे फोन जोडल्यावर, निवृत्तीनंतरची सारी वर्षे त्यांनी एकाच ध्यासापायी वेचली होती: घंटा ऐकूनच कळावे, पलीकडे कोण आहे. यंत्राच्या माथ्यावर आता तीन पितळी घंटा होत्या. मुलीची नाजूक, मुलाची घाईची आणि थोरल्या बहिणीची, म्हणजे आक्कांची, खर्जातली. ऐकताच माणसाने पाय खाली घ्यावेत अशी. दुर्दैव एवढेच, की तोवर सारे जग खिशात फोन घालून हिंडू लागले होते आणि या महिनाअखेर घरची लाइनही बंद होणार होती.

"वरातीमागून घोडं तुमचं," बायको म्हणाली.

"एकदा वाजू दे गं. मग नेऊ देत तार कापून."

"मी सांगते पोरांना. माझ्या मोबाइलवर करतातच की अधूनमधून."

"सांगून आलेला फोन कसला? आपणहून यायला हवा."

तरीही दुसऱ्या दिवशी अप्पांचा धीर सुटला. त्यांनी मुलाला एक रिंग देऊन फोन ठेवला. माणूस कुतूहलापोटी उलट फोन करतोच, हा त्यांचा जुना अनुभव. मग मुलीला. मग आक्कांना. खिडकीतले ऊन घंटांवर चढले, चमकले आणि मुकाट्याने उतरले. अप्पांनी पुन्हा पहिल्यापासून फेरी सुरू केली. मग आणखी एकदा.

तिन्हीसांजेला बायको मोबाइल घेऊन बाहेर आली. "अहो, घरच्या ग्रुपवर लेकीनं काय टाकलंय बघा. 'सावधान! या नंबरवरून भामटे फोन करताहेत. उलट फोन करू नका.' खाली आपला चिरंजीव, 'मी तर दुपारीच ब्लॉक केला.'" तिने चष्मा सावरला. "नंबर कुठंतरी पाहिल्यासारखा वाटतो."

अंधारात पलंगावर बसल्याबसल्याच अप्पांनी घंटांवर फडका घालायला घेतला, आणि तेवढ्यात खर्जातली घंटा घणघणली. सारे घर थरारले. अप्पांनी नकळत पाय खाली घेतले. रिसीव्हर कानाला लावतात न लावतात तोच:

"मेल्या, म्हाताऱ्या माणसांना लुबाडतोस? लाज नाही वाटत? घरात आईबाप आहेत की नाहीत तुला? ठेवू नकोस, माझं संपलं नाही अजून!"

अप्पांनी ठेवला नाही. डोळे मिटून, अवाक्षर न काढता, त्यांनी शेवटच्या शिवीपर्यंत सगळे ऐकले. पलीकडे फोन आपटला, तरी रिसीव्हर बराच वेळ कानाशीच होता.

"कोण होतं?"

"आक्का."

"काय म्हणाल्या?"

"घरात आईबाप आहेत की नाहीत, विचारत होती."