आजोबांच्या बॅगेतली खुडूक

आजोबांनी बॅग उघडी टाकून अंघोळीला जायची चूक आयुष्यात एकदाच केली, आणि तेवढ्यात बाईसाहेब आत जाऊन बसल्या.

बाईसाहेब म्हणजे घरातली पिंगट कोंबडी. चार दिवसांपासून ती खुडूक झाली होती, म्हणजे अंडी घालायचं बंद करून ती उबवायला जागा शोधत, अंग फुगवून घरभर फिरत होती. कपाटाचा खालचा खण, बाबांची टोपी, धाकट्याचं दप्तर, सगळं बघून नापसंत करून झालं होतं. आजोबांच्या बॅगेत मात्र इस्त्री केलेले सहा शर्ट एकावर एक रचलेले होते. कुठल्याही समजूतदार कोंबडीनं हीच जागा पसंत केली असती. अकरा वर्षांच्या थोरलीनं तिला तिथे बसलेलं पाहिलं आणि या घरात जे नेहमी करतात तेच केलं. टोपलीतली सात अंडी आणून तिच्या पोटाखाली सरकवली.

आजोबा टॉवेल गुंडाळून आले, त्यांनी शर्टाला हात घातला आणि "आई गं!" म्हणून मागे घेतला.

"हळू आजोबा, ती बसलीये," थोरली म्हणाली.

"ते दिसतंय मला! उठव तिला."

"आता नाही उठवता येणार. एकवीस दिवस लागतील."

"एकवीस दिवस? अगं, मी दोन दिवसांसाठी आलोय!"

"पण ते तिला कसं कळणार?" धाकट्यानं विचारलं. तो सहा वर्षांचा होता आणि त्याचं डोकं सरळ चालायचं.

आजोबांनी जावयाला हाक मारली. बाबा चिखलाच्या पायांनी धावत आले, बॅगेत डोकावले आणि गंभीर झाले. आठ वर्षांपूर्वी शहरातली नोकरी सोडून ते इथे केळी आणि पपई लावायला आले होते, ते मुलं निसर्गाच्या मांडीवर वाढावीत म्हणून. उबवणाऱ्या जिवाला हात लावायचा नाही, हा त्यांनी मुलांना घालून दिलेला पहिला नियम. या नियमापायी दोन महिने मोटरसायकल बंद ठेवून ते पायी फिरले होते, कारण सीटखाली पाखराचं घरटं होतं.

"अण्णा, माझा नाइलाज आहे," बाबा म्हणाले. तत्त्वाचा आपल्याला काही फायदा होऊ शकतो, हा अनुभव त्यांना पहिल्यांदाच येत होता. कारण त्या शर्टांच्या खाली आजोबांनी शाळेचा फॉर्म ठेवला होता.

जवळची शाळा पाचवीला संपायची. पुढचं सगळं आपण शेतावरच शिकवू, झाडाएवढा मोठा मास्तर नाही, असं बाबांचं म्हणणं. आजोबांचं म्हणणं उलट. त्यांनी पस्तीस वर्षं गिरणीत कापडातले दोष हुडकण्याची नोकरी केली होती आणि नातीच्या या शिक्षणात त्यांना पहिल्या नजरेत एकोणीस दोष सापडले होते. पोरीनं शहरात आजीआजोबांकडे राहावं, चांगल्या शाळेत जावं, म्हणून ते फॉर्म घेऊन आले होते. शेवटची तारीख पंधरा दिवसांवर होती. आई वडिलांशी बोलताना त्यांच्या बाजूनं बोलायची आणि नवऱ्याशी बोलताना त्याच्या. थोरलीला विचारायचं राहूनच गेलं होतं, कारण मोठ्यांचंच अजून बोलून संपलं नव्हतं.

त्या दिवशी आजोबांनी जावयाची अर्धी चड्डी आणि केळीच्या चिकाचे डाग पडलेला सदरा घातला. "चोवीस डाग," त्यांनी जेवताना जाहीर केलं. "कॉलर वेगळी."

तिसऱ्या दिवशी त्यांना धाकट्याकडून पक्की खबर मिळाली. खुडूक कोंबडी दिवसातून एकदा दाणापाण्यासाठी उठते आणि दहा मिनिटांत परत येते. आजोबा घड्याळ घेऊन दबा धरून बसले. बाईसाहेब उठल्या, अंगणात गेल्या. आजोबांनी एकेक अंडं हळूच बाजूला ठेवलं, शर्ट उचकटले, बॅगेचा तळ चाचपला, कप्पे उलटे केले. फॉर्म नव्हता.

मग घरात जे सुरू झालं, त्याला भांडण म्हणता येत नव्हतं, कारण कोणी कोणाशी बोलतच नव्हतं. फॉर्म जावयानं पळवला याबद्दल आजोबांची खात्री पटली. आईचीही तीच खात्री पटली आणि तिनं बाबांशी अबोला धरला. बाबांना वाटलं, फॉर्म बायकोनंच लपवला, आणि तोही आपल्यासाठी. त्यांना इतकं भरून आलं की ते कोणी न सांगता भांडी घासू लागले. ते भांडी घासताहेत हे पाहून आईचा संशय आणखी पक्का झाला.

"फॉर्म आणि बॅग घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही," आजोबांनी फोनवर आजीला सांगितलं.

"मग कधी येणार?"

"कोंबडी उठेल तेव्हा."

आजीनं थोडा वेळ विचार केला आणि तब्येतीला जपा म्हणून सांगितलं.

आता नुसतं बसून राहणं आजोबांच्या स्वभावात नव्हतं. कोंबडी अंडी नीट फिरवत नाही असा त्यांना संशय आला, म्हणून त्यांनी प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं खूण केली आणि रोज दहा मिनिटांच्या सुट्टीत तपासणी सुरू केली. थोरलीनं त्यांना अंधाऱ्या खोलीत टॉर्चवर अंडं धरून आतलं कसं बघायचं ते शिकवलं. सातातलं एक रिकामं निघालं. "माल नापास," असं म्हणून आजोबांनी ते बाजूला काढलं. उरलेल्या सहांत जाळ्यासारख्या लाल रेषा दिसल्या, मधोमध एक ठिपका हलला, आणि पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कशात दोष सापडला नाही. ते टॉर्च बंद करायचंच विसरले.

पंधरावा दिवस आला. बाबा सकाळपासून गुणगुणत होते. संध्याकाळी फॉर्मची मुदत संपली, तरी आजोबांच्या ते लक्षातही आलं नाही. वरचं कौल गळत होतं आणि ते बॅगेवर छत्री धरून बसले होते.

एकविसाव्या दिवशी सकाळी शर्टांच्या चिंध्यांमधून चिवचिव ऐकू आली. दुपारपर्यंत सहाही पिल्लं बाहेर आली. आजोबा अर्ध्या चड्डीत गुडघे टेकून बसले होते. ते म्हणाले, "जावईबापू, तुम्ही जिंकलात. पोरीला राहू दे इथेच. कुठल्या शाळेत हे शिकवणार आहेत?"

आईनं अठरा दिवसांचा अबोला सोडून बाबांना हात पुसायला फडकं दिलं. इतक्यात फोन वाजला. आजीचा होता. आजोबांचे हात पिल्लांनी भरलेले होते, म्हणून धाकट्यानं स्पीकर लावला.

"अहो, शाळेचं पत्र आलंय! पोरीला घेतलं त्यांनी. सोमवारपासून यायला सांगितलंय."

आजोबांनी जावयाकडे पाहिलं, जावयानं बायकोकडे, बायकोनं वडिलांकडे.

"मी पाठवला फॉर्म," थोरली म्हणाली. "अंडी ठेवताना शर्टांखालून कागद डोकावताना दिसला. घाण झाला असता, म्हणून काढून घेतला. मग भरला, आणि भाजीच्या टेम्पोवाल्या काकांना पोस्टात टाकायला दिला."

"पण त्यावर पालकांची सही लागते," आई म्हणाली.

"बाबानं केली की. कोंबडीखाद्याच्या पावत्यांबरोबर."

कागदापेक्षा झाडाचं पान वाचावं, असं बाबा नेहमी म्हणत आणि त्याप्रमाणे वागतही. त्यामुळे पुढे येईल त्या कागदावर ते न वाचता सही करत. ते हळूच ओट्यावर टेकले.

"पण का गं? इथे काय कमी होतं तुला?"

"कमी काहीच नाही," थोरली म्हणाली. तिचा चेहरा रडवेला झाला होता, पण आवाज ठाम होता. "तूच दाखवलं होतंस ना बाबा? मागच्या वेळची पिल्लं दोन महिन्यांची झाली, तेव्हा बाईसाहेब त्यांना टोचून टोचून हाकलत होती. मी रडत होते तर तू म्हणालास, तिची माया कमी नाही झाली, आता त्यांचं त्यांनी दाणे शोधायचे. मी अकरा वर्षांची झाले, तू टोचतच नाहीस. म्हटलं, आपणच जावं."

बाबा अंगणात गेले आणि पपईच्या झाडाशी बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. त्यांना वाईट वाटत होतं आणि त्याहून जास्त अभिमान वाटत होता, आणि दोन्ही एकदम कसं सांभाळायचं हे त्यांना कुठलंही झाड सांगत नव्हतं. मग ते परत आले. त्यांनी लेकीसमोर उभं राहून एक बोट ताठ केलं आणि तिच्या खांद्यावर हळूच टेकवलं.

"जा," ते म्हणाले.

"बाबा, याला टोचणं म्हणत नाहीत," थोरली म्हणाली.

"अगं, आजच शिकतोय," बाबा म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा बोट उचललं.