वेंडेलच्या तोंडातला बर्फ

परसात जिथे भट्टी उभी असायची तिथे आता पिवळं पडलेलं गवत होतं. त्या गवताकडे बोट दाखवून अर्लीन नवऱ्याला विचारत होती, "येत्या शनिवारी लेकीचं लग्न. दोनशे माणसं यायची. त्यांच्या ताटात काय हे गवत वाढू?"

वेंडेल प्रॅथर खाली मान घालून बर्फाचा चहा ढवळत राहिला. मांसाला धुरी द्यायची ती भट्टी त्याच्या बापाने तेलाच्या जुन्या नळाला जोड देऊन स्वतः बनवली होती. चाकांवरची, म्हशीएवढी. टेक्सासच्या त्या भागात नवरदेव नसला तर लग्न पुढे ढकलतात, पण धुरी दिलेलं मांस नसलं तर पाहुणे उठून जातात आणि पुढची वीस वर्षं त्यावर बोलतात. आणि ही भट्टी वेंडेल गेल्या रविवारी रॉयस टिडवेलच्या गॅरेजमध्ये पोकरमध्ये हरून आला होता.

पानं वाईट होती म्हणून हरला असता तर गोष्ट वेगळी. रॉयस फक्त हसला होता. वेंडेल एक डाव हरला आणि रॉयस गालातल्या गालात हसला, एवढंच. झालं! वेंडेलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, तो उठून उभा राहिला आणि हातात काहीही नसताना गरजला, "लावली! माझी भट्टी लावली!" याला तो मर्दपणा म्हणतो. बाई अशी चिडली असती तर तिचं डोकं फिरलंय म्हणाले असते. पुरुष चिडला की तो तडफदार.

"तुझं पत्त्यांचं डोकं वाईट नाहीये," अर्लीन म्हणाली. "तुझं डोकंच वाईट आहे."

"मग काय करू?"

"आज परत जा. भट्टी परत आण. होडी लाव."

"माझी होडी?"

"जिंकलास तर भट्टी येईल, हरलास तर ती होडी एकदाची जाईल आणि मी हॉटेलात जेवण सांगेन. आणि ऐक. राग आला की चहातला बर्फाचा खडा तोंडात टाकायचा. तो विरघळेपर्यंत तोंड उघडायचं नाही, पान टाकायचं नाही, काही म्हणजे काही ठरवायचं नाही. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

"बर्फ."

रॉयसच्या गॅरेजमधल्या खेळाचा एक नियम होता. तिथे रोख पैसा चालत नसे. कारण टेबलाशी तिसरे बसायचे ते ब्रदर डेल्बर्ट, चर्चचे वडीलधारे. त्यांचं म्हणणं असं, की रोख लावली तर जुगार, वस्तू लावली तर शेजारधर्म. या शेजारधर्मात आजवर एक खोगीर, एक नांगर आणि एक कुत्रा गेला होता. कुत्रा दुसऱ्या दिवशी स्वतःहून घरी आला. आकाशातल्या बापाला एवढाही हिशेब कळत नाही असं मानणारी माणसं स्वतःला भाविक म्हणवतात आणि वर तुम्हाआम्हाला नरकाची भीती घालतात! स्वतः ब्रदर डेल्बर्ट दर रविवारी बायकोने घातलेल्या लोणच्याची एकच बरणी लावत. ती जिंकण्याची घाई कोणालाच नसे.

पैशांऐवजी लावायच्या चकत्यांच्या जागी बाटल्यांची बुचं. तिघांपुढे बुचांचे ढीग. चर्च सुटलं, दुपार तापली, गॅरेजमधला पंखा गरम हवा इकडून तिकडे ढकलू लागला आणि खेळ सुरू झाला.

पहिलीच पानं आली दुर्री आणि सत्ती. वेंडेलच्या पाळ्या तापू लागल्या. त्याने समोरच्या चहाच्या ग्लासातला बर्फाचा खडा तोंडात टाकला. खडा विरघळेपर्यंत राग ओसरला, त्याने पानं शांतपणे टाकून दिली. अरे वा! त्याला स्वतःचा अभिमान वाटला. पुढच्या डावात तिर्री आणि नव्वी. बर्फ. मग एक्का आला, त्याला काही बर्फ लागला नाही, तो खुशीत बुचं पुढे सरकवू लागला. तर रॉयस आणि ब्रदर डेल्बर्ट दोघांनीही पानं टाकून दिली. मग पुन्हा छक्की-चव्वी, पुन्हा बर्फ. यावेळी वेंडेलने हूल द्यायचं ठरवलं, मोठा ढीग पुढे केला. रॉयसने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि डोळे मिटून तेवढाच ढीग लावला. ढीग गेला.

असं तासभर चाललं. वेंडेल इतका शांत आयुष्यात कधी नव्हता आणि इतका हरतही कधी नव्हता.

शेवटी ब्रदर डेल्बर्टना राहवलं नाही. "बाळा, तुझा दात दुखतोय का रे?"

"नाही, ब्रदर."

"मग वाईट पानं आली की बर्फ का खातोस?"

टेबलाखाली धप्प असा आवाज झाला. रॉयसची लाथ होती ती. "आई गं!" म्हणून ब्रदर डेल्बर्ट नडगी चोळू लागले. "का रे मारतोस? मला काळजी वाटली म्हणून विचारलं!"

वेंडेलच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपण सगळा वेळ आपली पानं जिभेवर मांडून दाखवत होतो! पाळ्या पुन्हा तापल्या. बर्फ टाकावा तर पंचाईत, न टाकावा तर डोकं जाणार. तेवढ्यात पुढची पानं आली. वेंडेलने कोपरा वर करून पाहिला. दोन अठ्ठ्या.

आता आनंदाचा झटका आला. पण आनंदसुद्धा डोकं फिरवतोच की, असा विचार त्या माणसाने जन्मात पहिल्यांदा केला आणि त्याने बर्फ तोंडात टाकला. टेबलावरची सगळ्यांची सामाईक पाच पानं एकेक करून उघडत गेली. राणी. अठ्ठी. चव्वी. दुर्री. आणि शेवटी आणखी एक राणी. हातातल्या धरून तीन अठ्ठ्या, दोन राण्या, म्हणजे डाव जवळजवळ खिशात! वेंडेलने दुसरा खडा टाकला.

ब्रदर डेल्बर्टनी पानं टाकली. रॉयस विचारात पडला. बर्फ म्हणजे वाईट पानं. पण आता याला कळलंय की आपल्याला कळलंय. मग बर्फ म्हणजे चांगली पानं? रॉयसची स्वतःची पानं भिकार होती, एक राजा आणि एक पंजी. पण त्याच्याकडे दुसरा उपाय होता, सकाळीच तयार करून ठेवलेला. त्याने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "मार्लिस! चिली आण गं!"

मार्लिस ही रॉयसची बायको, मूळची परराज्यातली, ओहायोची. तिने तीन वाडगे आणून ठेवले. तिखट लाल रस्सा, त्यात मांसाचे तुकडे, आणि त्यात, टपोरा, चकचकीत, अख्खा राजमा.

टेक्सासमध्ये चिलीत राजमा घालत नाहीत. हा चवीचा प्रश्न नाही, धर्माचा आहे. मागच्या जत्रेत एका परगावच्या माणसाच्या पातेल्यात वेंडेलला दोन दाणे दिसले होते, तर त्याने टेबल उलथवलं होतं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

"काय झालं वेंडेल?" रॉयस खुर्चीत रेलला. "राजमा आहे. मीच घालायला सांगितला. काही म्हणायचंय?"

वेंडेलने ग्लास उचलला आणि उरलेला सगळा बर्फ तोंडात ओतला. गाल बेडकासारखे फुगले. डोळ्यांत पाणी आलं. पण शब्द फुटला नाही.

"त्यात सांगायचं काय?" मार्लिस सहज म्हणाली. "मी लग्न झाल्यापासून घालतेय की. एरवी बारीक वाटून घालते, तू आज म्हणालास अख्खा ठेव."

रेललेला रॉयस खुर्चीत ताठ बसला.

"लग्न झाल्यापासून?" रॉयसचा आवाज चिरकला. त्याच्या मागे भिंतीवर जत्रेतल्या चिलीच्या पहिल्या बक्षिसाची निळी फीत लटकत होती. "ती... ती बक्षिसाची चिली?"

"त्यात तर दुप्पट होता. त्याशिवाय रस्सा दाट होतोय होय?"

ब्रदर डेल्बर्टनी चमचा खाली ठेवला, थोडा विचार केला, पुन्हा उचलला.

रॉयस उभा राहिला. आधी लाल झाला, मग जांभळा. "सगळ्या गावासमोर मी राजमा खातोय? मी? टिडवेल?" त्याने समोरची सगळी बुचं हाताच्या फटक्याने मध्ये ढकलली. "लाव! भट्टी विरुद्ध होडी! आत्ता! बोल, लावतोस का?"

वेंडेलला बोलता येत नव्हतं. तोंडात अर्धा ग्लास बर्फ होता आणि बायकोने सांगितलं होतं, विरघळेपर्यंत काही ठरवायचं नाही. तो नुसता बघत बसला.

"घाबरला!" रॉयस ओरडला. "वर गाडीभर लाकूडही देतो! बोल!"

"रॉयस," मार्लिसचा चेहरा पडला, "एवढी वाईट लागते का रे माझी चिली?"

"थू!"

मार्लिसचे डोळे भरले. ती वेंडेलकडे वळली. "वेंडेल, तू सांग बाबा खरं. वाईट आहे?"

वेंडेलला आत्ता फक्त डाव हवा होता. बाई रडायला लागली तर खेळ थांबेल, खेळ थांबला तर रॉयस भानावर येईल. त्याने घाईघाईने एक चमचा बर्फाच्या फटीतून आत सारला आणि मान हलवली. छान आहे.

"खरंच? मग तुमच्या टॅमीच्या लग्नात मीच करते. सगळ्यांसाठी. माझ्याकडून आहेर. चालेल?"

वेंडेलने पुन्हा मान हलवली. मान हलवणं म्हणजे काही ठरवणं नव्हे, अशी त्याची समजूत होती. नवऱ्यांची निम्मी संकटं याच समजुतीतून येतात.

मग शेवटचा खडा विरघळला. वेंडेलने ओठ पुसले आणि थंडगार आवाजात म्हणाला, "लावली होडी." आणि त्याने दोन अठ्ठ्या उघड्या करून ठेवल्या.

संध्याकाळी पिकअपला जोडलेली भट्टी खडखडत परसात आली, मागे गाडीभर लाकूड. अर्लीन पायरीवरून धावत आली. आयुष्यात पहिल्यांदा तिने भर अंगणात नवऱ्याची पापी घेतली.

"चिडला नाहीस?"

"अजिबात नाही."

"काहीच बोलला नाहीस?"

"एक शब्द नाही. नुसती मान हलवली."

"मान कशाला हलवली?"

वेंडेलने सांगितलं. अर्लीन ऐकत गेली आणि तिच्या कानाच्या पाळ्या हळूहळू लाल झाल्या.

"राजमा? टॅमीच्या लग्नात? दोनशे माणसांना? आणि तू गप्प बसलास?"

"अगं, पण तूच म्हणालीस—"

"मी पत्त्यांबद्दल म्हणाले, गाढवा! चिडायची वेळ कुठली एवढं कळत नाही तुला? थांब, मीच जाते. चार शब्द सुनावूनच येते त्या बाईला!"

तिने भट्टी सोडवली, पिकअपचा दरवाजा आपटला आणि ती धूळ उडवत गेली. वेंडेल पायरीवर बसून राहिला. अंधार पडायच्या आत ती परतली. हळू चालवत. उतरली तेव्हा हातात झाकण घातलेला डबा होता आणि ती नवऱ्याच्या नजरेला नजर देत नव्हती.

"काय झालं?"

"रॉयसला गॅरेजमध्ये काढलंय तिने झोपायला. मला बघितलं आणि गळ्यात पडून रडली. म्हणाली, इतक्या वर्षांत या गावात माझ्या हातचं कौतुक पहिल्यांदा झालं."

"मग? सुनावलंस?"

अर्लीन डब्याचं झाकण उगाच घट्ट करत राहिली.

"चार पातेली करणार म्हणाली."

"आणि तू?"

"म्हटलं, पाच कर."