हणमंत मिस्त्रींची मोटर

आमच्या कारखान्यात शिरणाऱ्या माणसाला हणमंत मिस्त्री नाव-गाव विचारत नसत. म्हणत, "आवं, खिसं मोकळं करा आदी." पेन, कंगवा, सुपारी, चिल्लर, सगळं पत्र्याच्या ट्रेमध्ये पडायचं. मालकांच्या शर्टाचं लोंबतं बटण त्यांनी एकदा स्वतः कात्रीनं कापून घेतलं होतं.

त्याला कारण होतं. सत्तरच्या दशकात साताऱ्यातल्या आमच्या छोट्या कारखान्यानं एक वेगळंच यंत्र बनवायला घेतलं होतं. गोल खड्ड्यात एक लांब लोखंडी हात. त्याच्या टोकाला विमानातली उपकरणं बांधायची, हात गरागरा फिरवायचा आणि एवढा ताण त्यांना सोसतो का ते बघायचं. त्या वेगात सुटं बटणसुद्धा गोळीसारखं उडालं असतं. हात फिरवणारी विजेची मोटर मिस्त्रींच्या ताब्यात होती. मी नवा इंजिनियर, कागदावर त्यांचा साहेब.

मोटरीनं काही सेकंदांत पूर्ण वेग घ्यायला हवा होता, आणि तिथंच गाडं अडत होतं. एकदम वेग मागितला की ती भसकन करंट ओढायची, तिला वीज पोचवणाऱ्या कार्बन ब्रशांखाली ठिणग्या उडायच्या आणि स्विच आपोआप पडून वीज तुटायची. मिस्त्री तासगावकडचे, लष्करात मोटरी दुरुस्त करून आलेले. "घाई केली की बिचकती ती," एवढंच म्हणायचे. माझं मात्र जेवणात लक्ष नसायचं.

यंत्राची ऑर्डर देणाऱ्यांकडून तपासणीचे साहेब पुण्याहून आले, त्या दिवशी सकाळीच स्विच दोनदा पडला. साहेब म्हणाले, "आणखी एकदा बघतो. नाही जमलं तर ऑर्डर रद्द."

मिस्त्रींनी ब्रश उतरवले, तासभर काचकागदावर घासले, परत बसवले. मग साहेबांसमोर ट्रे धरला.

"मी भिंतीपलीकडे उभा राहणार आहे," साहेब वैतागले.

"व्हय. पर मला धीर व्हत न्हाई," मिस्त्री म्हणाले आणि मेन फ्यूजच काढून हातात घेऊन उभे राहिले. शेवटी साहेबांनी खिसे उलटे केले. पेन, चाव्या आणि खडीसाखरेची पुडी.

फ्यूज बसला. हात फिरू लागला, भिंत हलक्यानं थरथरली. करंटचा काटा लाल रेघेपर्यंत चढला आणि तिथंच लटलटत राहिला. मिस्त्री पुटपुटत होते, "जा गड्या, जा." काटा हळूहळू उतरला. वेग पूर्ण झाला होता. स्विच पडला नाही.

ऑफिसात पेढे आले. मिस्त्री दिसेनात म्हणून मी खड्ड्यापाशी गेलो. मोटरीशेजारी स्टुलावर ते एकटेच बसले होते.

"चला, मिस्त्री. सगळे थांबलेत."

"तुमी व्हा म्होरं. गरम हाय अजून ती. गार झाली की येतो."

"ती आपली आपण गार होईल. त्याला बसून कशाला राहायचं?"

माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "मिरजंला माजं पोटाचं आपरेशन झालं, सायेब. शुद्धीवर आलो तवा खोलीत कुणीच न्हवतं."

मी बाहेर गेलो आणि माझ्यासाठी एक स्टूल घेऊन आलो.